दुसऱ्या डोसाचा मानकरी

धोंडुबाई चौगुले सभागृहात गेली, पन्हाळा तालुक्यातून पहिल्या नंबराची किटली तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि टाळ्या थांबायच्या आत ती पायऱ्या उतरून खाली आली.

हे घडलेलं नाही. दारावरच्या रजिस्टरात या नावाची कुणी बाई आत गेल्याची नोंद नाही, दूध संघाच्या यादीत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही नाही. तीन ठिकाणी नाही म्हटल्यावर चौथ्या ठिकाणी हट्ट धरण्यात अर्थ नसतो. तेव्हा धोंडुबाई अजून दारातच उभी आहे, आणि केरबानं तिच्यापुढं हात आडवा धरलाय.

"मावशी, एकच डोस दिसतोय."

"दोन झाल्यात."

"दिसतोय एकच."

"दिसतोय एक, झाल्यात दोन," धोंडुबाई म्हणाली. जणू दोघांचंही बरोबर होतं, आणि तसं ते होतंच.

केरबा सभागृहाचा वॉचमन. पन्नाशीचा, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, गळ्यात शिट्टी. त्याच्या डोक्यावर दाराला पाटी लावलेली होती : दोन डोस पूर्ण असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. डिसेंबरचं ऊन, पाठीमागं रांग, आणि रांगेत जिल्ह्यातले गुणवंत दूध उत्पादक आपापले मोबाईल पुजेच्या ताटासारखे पुढं धरून उभे होते.

धोंडुबाईबरोबर सून होती, क्रांती. मोबाईल तिचा. एसटीचा संप असल्यामुळं दोघी वाडीवरनं वडापच्या जीपमधून आल्या होत्या, चौदा माणसांत. त्या जीपमध्ये कुणी कुणाचा कागद बघितला नव्हता. बघायला हात हलवायलाच जागा नव्हती.

"दादा, सांगतो मी," क्रांती म्हणाली. "आमच्या घरात चौघांची नोंदणी माझ्या एकाच नंबरावर हाय. गावात सगळ्यांची तशीच. ऑगस्टात शाळेत कॅम्प हुता. आत्तीनी दुसरा डोस घेतला. पर आशाताईनी मोबाईलवर नोंद करताना यादीतल्या पहिल्या नावावर बोट दाबलं."

"पहिलं नाव कुणाचं?"

"सासऱ्यांचं."

"मग त्यास्नी बोलवा. बघू त्यांचा कागद."

धोंडुबाईनं पदर सारखा केला.

"ते न्हाईत," ती म्हणाली. "मे महिन्यात गेले. गोठ्यातनं घरात येता येता पायरीवर बसले, ते बसलेच."

केरबानं मोबाईल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. लाभार्थी गुंडू बापू चौगुले. वय बहात्तर. लिंग पुरुष. पहिला डोस पूर्ण, दुसरा डोस पूर्ण. अभिनंदन. खाली लाभार्थी धोंडुबाई गुंडू चौगुले. पहिला डोस पूर्ण. दुसरा डोस घेण्यास विलंब झाला आहे, कृपया त्वरित घ्यावा.

"म्हंजे मेलेल्या माणसाला आत सोडता येतंय," केरबा सावकाश म्हणाला, "आनि तुमास्नी न्हाय."

"तसंच की."

यात केरबाला हसू आलं नाही. तो नियमाचा माणूस होता. नियम कुठं नेऊन सोडेल याची त्याला भीती नव्हती.

सभागृहाबाहेर कर्णा लावला होता. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. बक्षिसं तालुक्यांच्या अक्षरानुसार देणार होते. आजरा झाला, करवीर चालू होतं. पन्हाळ्याच्या आधी अजून कागल, गगनबावडा, गडहिंग्लज आणि चंदगड.

धोंडुबाईला ती किटली स्वतःच्या हातात घ्यायची होती. बाकी काही नको होतं. गेल्या वर्षीही वाडीला बक्षीस मिळालं होतं, तेव्हा आणायला दूध संस्थेचा सेक्रेटरी गेला. आज ती किटली संस्थेच्या ऑफिसात दाराशी आहे आणि तिच्यात छत्र्या ठेवतात. या वर्षी आपण गेलो नाही तर छत्र्यांना दुसरी किटली मिळेल, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तसं यादीत नाव गुंडू चौगुल्यांचंच होतं. संस्थेचं सभासदत्व त्यांचं, म्हैस त्यांची, दूध त्यांच्या नावावर जात होतं. धारा तेवढ्या धोंडुबाई काढायची. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, लग्न झाल्यापासून. या कामात गुंडूअण्णांचा वाटा असा की ते म्हशीला नावानं हाक मारत आणि ती बघत असे.

"मावशी, एक करा," केरबा म्हणाला. "पलीकडच्या गल्लीत दवाखान्यात डोस चालू हाय. जावा, टोचून या. दहा मिनिटांत कागद मोबाईलवर येतोय."

"तिथं काय इचारत्यात?"

"दुसरा घेतलाय का म्हणून इचारत्यात. न्हाय म्हणायचं."

"पर घेतलाय की."

"कागदावर न्हाय घेतलेला."

"दंडात हाय की रं बाबा." धोंडुबाईनं झंपराची बाही वर सरकवली. दंडावर देवीच्या लसीचा जुना गोल वण होता, रुपयाएवढा. "ही बघ. ही टोचली तवा मी पाच वर्साची. आजवर हिचा कागद कुणी मागिटला न्हाय. आनि तुमच्या ह्या नव्या सुईची साधी खूणसुदिक राहत न्हाय. मग माणसानं दाखवायचं काय?"

"खूण राहिली आस्ती तर मला हितं हुबारायला लागलं नसतं," केरबा म्हणाला. त्यालाही ते बरं वाटलं असतं.

"आत्ती, जाऊन टोचूया की," क्रांती हळूच म्हणाली. "एक जादा झाला तर काय हुतंय? म्हशीला न्हाय का आपण दोनदा टोचत?"

"म्हशीला कुणी इचारत न्हाय, आधी घेतलाय का. मला इचारणार. घेतलाय ते न्हाय कसं म्हणू?"

"सगळी म्हणत्यात."

"सगळी आत गेलीत. मी भाईर हाय."

कागल झाला.

रांगेतून एक पांढऱ्याशुभ्र शर्टातला तरुण पुढं आला. हा सम्राट, संघाच्या एका संचालकाचा पुतण्या, एवढं त्यानं कुणी न विचारता सांगितलं. त्याच्यामागं पाचजण होते. त्यानं मोबाईल केरबाच्या नाकासमोर धरला.

"ह्यो काकांचा हाय," केरबा म्हणाला.

"काकांच्या बरोबरच आलोय आम्ही."

"काकांचा डोस काकांस्नी लागू. तुजा दाखव."

"ओळखत न्हाईस व्हय मला?"

"तुला वळखून काय करू? मला इषाणू वळखायचाय, आनि त्यो तुज्या खांद्यावर बसला तर दिसत न्हाय."

रांगेतले लोक हसले. सम्राट फोन कानाला लावून बाजूला गेला. थोड्या वेळानं मंडपवाल्यांच्या मागच्या दारानं पांढरा शर्ट आत जाताना दिसला, त्याच्यामागं पाचजण. केरबाला तो कोपरा दिसत नव्हता. धोंडुबाईला दिसत होता, क्रांतीलाही.

"आत्ती, मागनं—"

"चोरासारखी जाऊन बक्षीस घेऊ?"

"निदान मिळंल तरी."

"मिळायला काय, छत्र्यास्नीबी मिळालंय."

ती दारासमोरून हलली नाही. तिनं पिशवी पायाशी ठेवली, आणि ज्या तऱ्हेनं ठेवली, त्यावरून केरबाला कळलं की ही बाई मुक्कामाला आली आहे. त्यानं आवाज खाली आणला.

"मावशी, मला खोटं वाटत न्हाय तुमचं. पर हे दार बघा. ह्याला दोन फळ्या हायत. माणूस चालत जायाला एक फळी पुरती. मे महिन्यात ह्या हॉलात खाटा हुत्या. वर स्टेजवरबी हुत्या. मीच हुतो दाराला. एका फळीतनं चालत आत गेलेली माणसं मी दोन्ही फळ्या उघडून भाईर काढल्यात. म्हणून म्हणतोय, कागद बघिटल्याबिगर मी कुणालाच सोडत न्हाय. माझ्या बायकूला सोडलं न्हाय गेल्या हप्त्यात, नाटकाला. अजून बोलत न्हाय."

धोंडुबाईनं दाराकडं बघितलं. एक फळी उघडी होती, दुसरी कडी लावून बंद.

"तुजं बरोबर हाय," ती म्हणाली. "कुणाला सोडू नगंस. आमच्या वाडीत बायका कॅम्पाला यायला भ्यायच्या. म्हणायच्या, टोचलं की माणूस दोन वर्सांत मरतंय. पहिल्यांदा मी बसलो खुर्चीवर, समद्यांच्या समोर. म्हटलं, बघा आनि दोन वर्सं थांबा. तुजा नियम माझाबी हाय. फकस्त मी त्यात बसत न्हाय."

क्रांतीनं तोवर मोबाईल परत घेऊन आशाताईला फोन लावला होता. आशाताई म्हणजे वाडीची आशा सेविका, प्रियदर्शनी. तिनं कबूल केलं. त्या दिवशी शाळेत तीनशे माणसं होती, नेट येत-जात होतं, आणि एका घराचे चारही जण एकाच नंबरावर म्हटल्यावर बोट पहिल्या नावावर पडलं. अशी अजून सहा नावं निघाली होती. त्यांतला एकजण दुबईला होता आणि त्यालाही वाडीच्या शाळेत टोचलेलं होतं.

"मग तवाच दुरुस्ती का न्हाय केली?" केरबानं विचारलं.

क्रांतीनं सासूकडं बघितलं.

मेसेज आला तेव्हा क्रांतीनंच तो घरात मोठ्यानं वाचला होता. अभिनंदन, गुंडू चौगुले. सगळे हसले. मग धोंडुबाई म्हणाली, परत वाच. क्रांतीनं परत वाचला. अंत्यविधीनंतर तीन महिन्यांत त्यांच्या नावानं आलेलं ते पहिलंच काहीतरी होतं. धोंडुबाई म्हणाली, राहू दे. आणि मग ते राहिलं.

"राहून गेलं," क्रांती म्हणाली.

गगनबावडा झाला. गडहिंग्लज झाला. चंदगडचा मानकरी कुठं दिसेना, त्याला कर्ण्यावरून हाका चालू होत्या.

धोंडुबाई खाली वाकली आणि तिनं पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली. आत गुंडूअण्णांच्या मृत्यूचा दाखला होता, झेरॉक्ससकट नऊ प्रती. संस्थेचं सभासदत्व आपल्या नावावर करून घ्यायला ती सहा महिने दाखले देत होती आणि सेक्रेटरी सहा महिने अजून एक प्रत मागत होता. म्हणून ती बाहेर पडताना नवऱ्याच्या मृत्यूशिवाय निघत नसे.

"वाच," ती म्हणाली. "कवा गेल्यात?"

"चौदा मे."

"आनि मोबाईलवर त्यांचा दुसरा डोस कवाचा?"

केरबानं क्रांतीच्या हातातला मोबाईल घेऊन बघितला. "नऊ ऑगस्ट."

केरबा बोटांवर महिने मोजायला लागला. मे, जून, जुलै, ऑगस्ट. मोजून झाल्यावर त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.

"मेलेलं माणूस रांगेत हुबारत न्हाय," तो म्हणाला.

"जिवंत हुते तवाबी उभारत न्हवते," धोंडुबाई म्हणाली. "मलाच उभारायला लावायचे."

"म्हंजे त्या दिवशी सुई कुणाच्या तरी दंडात गेली."

"गेली की."

"आनि कागद ह्यांच्या नावावर पुरा झाला."

"झाला की."

केरबानं मृत्यूचा दाखला आणि लसीचा दाखला शेजारी शेजारी धरले. एका कागदानं दुसरा खोटा ठरत होता, आणि दोन्ही मिळून समोरची बाई खरी ठरत होती. वॉचमनच्या नोकरीत इतका पक्का पुरावा त्यानं पाहिला नव्हता. कर्ण्यावर चंदगडचा मानकरी सापडला. टाळ्या वाजल्या.

"हे बघा मावशी," केरबा म्हणाला. त्याचा आवाज आता सरकारी झाला होता. "मला दोन गोष्टी पायजेत. एक, टोचलेलं माणूस. दोन, पुरा कागद. टोचलेलं माणूस हे हुबं हाय. पुरा कागद ह्यो हाय. दोन्ही एकाच येळेला दारात हायत. पाटीवर कुठं लिवलंय, की दोन्ही एकाच माणसाचं पायजे?"

तिघांनी पाटी वाचली. नव्हतं लिहिलेलं.

"पर मी कागदाला आत सोडतोय. कागदाचंच नाव रजिस्टरला लागंल. सांगा नाव."

"कागदावर हाय की."

"मी वाचायचं न्हाय. आत जाणाऱ्यानं स्वतः सांगायचं, मी लिवायचं. नियम हाय."

धोंडुबाई थबकली. लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली होती आणि नवऱ्याचं नाव तिनं तोंडातून काढलेलं नव्हतं. डॉक्टरला सुनेनं सांगितलं, तलाठ्याला मुलानं. बारशाला, हळदीकुंकवाला घ्यावं लागलं तर बाकीच्या बायकांच्या गलक्यात ओठ हलवून ती मोकळी व्हायची.

क्रांती पुढं झाली. "मी सांगतो की. गुं—"

"तू थांब," धोंडुबाई म्हणाली.

कर्णा खरखरला. आता पन्हाळा तालुका.

"गुंडू," धोंडुबाई म्हणाली. मग घसा साफ करून, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "गुंडू बापू चौगुले."

आजूबाजूला कुणाला त्यात काही वाटलं नाही. केरबा लिहून घेत होता. त्यानं रजिस्टर फिरवून तिच्यापुढं सरकवलं.

"सही."

तिला सही येत होती. संस्थेच्या साक्षरता वर्गात ती शिकली होती, अक्षर वळणदार होतं. तिनं पेन्सिल हातात घेतली आणि थांबली. त्यांची केली तर खोटी, आपली केली तर रजिस्टर खोटं. केरबालाही ते दिसलं. त्यानं शाईचा पॅड काढून पुढं ठेवला.

"अंगठा द्या. अंगठ्याला नाव नसतंय."

तिनं अंगठा दिला. केरबानं बंद फळीची कडी चाचपून बघितली, उघड्या फळीतून बाजूला झाला आणि म्हणाला, "जावा, अण्णा."

आत निवेदक तिसऱ्यांदा पुकारत होता. "श्रीयुत गुंडू बापू चौगुले! आलेत का चौगुले?" स्टेजवरून एकजण पळत दारापर्यंत आला, रजिस्टर बघून परत पळाला आणि ओरडला, "आलेत, आलेत! रजिस्टरला हायत!" हजार खुर्च्यांच्या हॉलात एकाआड एक बसलेले पाचशे लोक गुंडू चौगुल्यांना शोधायला लागले. मधल्या वाटेनं नऊवारीतली एक बाई चालत येत होती, म्हणून त्यांनी तिच्या मागं कोण येतंय ते बघितलं. मागं कुणी नव्हतं.

धोंडुबाई स्टेजवर चढली. अध्यक्षांनी शाल अर्धवट उघडून धरली होती, पुरुषाच्या खांद्याच्या उंचीवर. निवेदकानं माईकवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही.

"वहिनी, मालकांच्या वतीनं घ्यायलाय काय?"

"वतीनं न्हाय."

"मग?"

"म्हशीला इचारा, कुणाचा हात हाय त्यो."

हॉल हसला. अध्यक्षही हसले, त्यांनी शाल खाली आणली आणि किटली दिली. किटली अपेक्षेपेक्षा जड निघाली. आत नारळ होता. फोटो निघाला. निवेदकानं कागद बघून, कार्यक्रमाला गालबोट लागू न देता, खणखणीत आवाजात जाहीर केलं, "श्रीयुत गुंडू बापू चौगुले यांनी पुरस्कार स्वीकारलेला आहे!"

पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टातल्या सम्राटनंही वाजवल्या. धोंडुबाईच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. तिनं किटली काखेला लावली, घागर लावतात तशी, आणि ती उतरली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शाल, किटली, अध्यक्ष, धोंडुबाई. खाली ओळ : पुरस्कार स्वीकारताना गुंडू चौगुले. सेक्रेटरीनं तो पेपर संस्थेत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, सभासद इतके सक्रिय असताना सभासदत्व बदलायचा प्रश्न येतोच कुठं?

दुपारी प्रियदर्शनी घरी आली, ओशाळलेली. चहा घेतला आणि कितीतरी वेळ मोबाईल खालीवर केला.

"काकू, ॲपात नाव दुरुस्त करता येतंय. वय येतंय. लिंगबी येतंय. पण डोस ह्या माणसाचा काढून त्या माणसाला लावायचं बटणच न्हाय. एकच मार्ग हाय, अण्णांचं सर्टिफिकेट रद्द करायचं. मग वरून मंजुरी आली, तर तुमचं हुईल. करू?"

क्रांती सासूकडं बघत राहिली. धोंडुबाई गोठ्याच्या दारात बसून वैरण तोडत होती.

"रद्द झालं की त्यांचं काय राहतंय त्यात?"

"काय न्हाय. नाव जातंय."

धोंडुबाईनं हातातली पेंढी पुरी केली. उठली, हात धुतले, पदराला पुसले.

"क्रांते, पेन घे. आनि ह्या बाईला इचारून घे, सरकारी भाषेत कसं लिवत्यात ते. मी सांगतो, तू लिव."

क्रांतीनं लिहिलं :

प्रति, माननीय तालुका आरोग्य अधिकारी. विषय : दुसऱ्या डोसानंतरच्या तापाबाबत.

महोदय, दिनांक नऊ ऑगस्ट रोजीचा दुसरा डोस अर्जदाराच्या डाव्या दंडावर देण्यात आला असून त्याचे प्रमाणपत्र अर्जदाराच्या मयत पतीस प्राप्त झाले आहे. सदर प्रमाणपत्र त्यांच्याकडेच राहू द्यावे, अर्जदाराची हरकत नाही. दूध संघाचा पुरस्कारही त्यांनीच स्वीकारला आहे, त्यासही हरकत नाही. तथापि डोसानंतर दोन दिवस आलेला ताप आणि दंडाची सूज त्यांनी भोगलेली नाही, तसेच त्या दोन दिवसांतील चारही वेळच्या धारा अर्जदाराने तापातच काढल्या आहेत. तरी सदर दोन दिवसांचा ताप सुजेसह अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा व तसा दाखला सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा, ही नम्र विनंती.